ओटीटीवर काही खटकलं तर काय करायचं (एका केबलवाल्याकडनं)

सोलापुरात अशोक चौकाकडं आपला केबलचा धंदा, आता ब्रॉडबँड पण देतो, म्हणजे घरात चॅनेल पण माझ्या वायरीतनं जायलंय आन वेबसिरीज पण. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत गल्लीतल्या एका काकूंचा फोन, "नातवापुढं कसल्या शिव्या लागल्यात ओ, बंद कर की ते." मी म्हणलं, काकू, चॅनेलला १९९५ चा केबल कायदा आन त्याचा प्रोग्राम कोड, म्हणजे काय दाखवायचं नाही त्याचे नियम, लागतो, ओटीटीला २०२१ चे आयटी नियम, माझ्या हातात काहीच नाही.

आधी लॉक लावा. सिरीज सुरू होताना यू/ए ७+, १३+, १६+ (म्हणजे कितव्या वर्षापासनं बघायचं) नायतर ए (फक्त मोठ्यांसाठी) असं रेटिंग लिहून येतं, त्यातल्या १३+ पासनं वरच्याला लॉकची सोय देणं ॲपवर बंधनकारक आहे. सेटिंगमध्ये जाऊन पोराचं वेगळं प्रोफाइल करा आन मोठ्यांच्याला पिन टाका. पिन म्हणून पोराचीच जन्मतारीख ठेवू नका, काकूंनी तेच केलतं.

तरी खटकलं तर ॲपच्या साईटवर तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल शोधा, बहुतेक एकदम खाली बारीक अक्षरात असतो. सिरीजचं नाव, कितवा भाग, कितव्या मिनिटाला काय दाखवलं, एवढंच लिहा. "संस्कृती बुडाली" लिहून काय होत नाही बे, मिनिट लिहा मिनिट! २४ तासात पोच यायला पाहिजे, १५ दिवसात निर्णय. पटला नाही तर पुढच्या १५ दिवसात त्यांच्या स्वनियमन संस्थेकडं, म्हणजे ओटीटीवाल्यांनीच मिळून केलेल्या संस्थेकडं, अपील, तिथं निवृत्त न्यायाधीश किंवा तसंच नावाजलेलं कुणीतरी अध्यक्ष असतं, त्याच्यावर केंद्राचं माहिती-प्रसारण मंत्रालय. यूट्यूबवर कुणीपण टाकलेल्या व्हिडिओला हा रस्ता नाही, तिथं रिपोर्टचं बटण दाबायचं.

आता टीव्हीचेच नियम ओटीटीला लावा म्हणणारे लई आहेत, धंद्याच्या हिशोबानं मी पण म्हणायला पाहिजे, पण मला पटत नाही. टीव्ही हॉलमध्ये सगळ्यांपुढं चालू असतो, सिरीज आपण स्वतः शोधून लावतो, मग दोन्हीला एकच मापटं कसं चालंल? रेटिंग आन तक्रार मात्र कडक पाहिजे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन्हीला एकाच कायद्यात घ्यायचा मसुदा आलता, २०२४ मध्ये सरकार म्हणलं नवीन मसुदा काढू. तसा मसुदा आला की मंत्रालयाच्या साईटवर सूचना मागवतात, तिथं कलम नंबर टाकून काय बदलायचं ते दोन ओळीत लिहायचं आन शेवटची तारीख उलटायच्या आत पाठवायचं.