घरगुती ब्रीडरकडून कुत्र्याचे पिल्लू घेताना काय पाहावे

पिल्लू घ्यायला गेलेला माणूस पिल्लाकडेच पाहत राहतो आणि ते स्वाभाविक आहे. परंतु आठ आठवड्यांचे जवळपास प्रत्येक पिल्लू गोंडस असते, आणि त्या गोंडसपणावरून त्याच्या पुढच्या दहा-बारा वर्षांविषयी काहीच समजत नाही. जे समजणे आवश्यक आहे ते त्याच्या आईकडे, ते ज्या घरात वाढले त्या घराकडे आणि त्याला वाढवणाऱ्या माणसाकडे पाहून समजते. म्हणूनच माझ्या मते खरी निवड ब्रीडरची, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याची, असते. ती नीट झाली की त्या वेतातील कोणते पिल्लू घ्यायचे हा प्रश्न पुष्कळ सोपा होतो.

यामागचे कारण पिल्लाच्या वाढीत आहे. जन्मल्यावर पिल्लाचे डोळे आणि कान बंद असतात. साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात, त्यानंतर काही दिवसांतच कान मोकळे होतात, आणि तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत असा काळ येतो की ज्यात भेटलेली माणसे, प्राणी, आवाज आणि जागा पिल्लाला आपल्या जगाचा भाग वाटू लागतात. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी केलेल्या प्रदीर्घ संशोधनातून या काळाचे महत्त्व स्पष्ट झाले. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवास न मिळालेली पिल्ले पुढे माणसाला जवळही येऊ देईनाशी झाल्याचे दिसले. पिल्लू आठव्या आठवड्यात तुमच्या घरी येते असे धरले, तर या काळाचा मोठा भाग ब्रीडरच्या घरातच संपलेला असतो. त्या दिवसांत जे राहून गेले ते नंतर पूर्णपणे भरून काढणे फार अवघड असते, आणि कधी कधी ते होतच नाही.

पहिल्या फोनवरच बरेच काही कळते. पिल्ले कुठे राहतात, त्यांना रोज कोण हाताळते, आईचे वय काय, हे तिचे कितवे वेत, मागचे वेत कधी झाले आणि हाच नर का निवडला, हे प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत. ज्याने विचारपूर्वक जोडी लावली आहे तो या प्रश्नांची उत्तरे आनंदाने, बऱ्याचदा अपेक्षेपेक्षा विस्ताराने देतो. तो उलट तुम्हालाही विचारतो: घरात दिवसभर कोण असते, लहान मुले आहेत का, आधी कुत्रा पाळला आहे का, बाहेरगावी जाताना त्याची काय सोय कराल? या चौकशीचा राग मानू नये, कारण आपले पिल्लू कोणत्या घरी जाते याची काळजी असणारा माणूसच ते विचारतो. ज्याला फक्त आगाऊ रक्कम कधी मिळेल एवढेच जाणून घ्यायचे आहे, त्याच्याकडे पुढे काही अडचण आली तर मदत मिळेल अशी आशा धरता येत नाही.

आई-वडिलांच्या तपासण्यांचा प्रश्न जातीनुसार बदलतो, त्यामुळे तुम्हाला हव्या असलेल्या जातीत कोणते आनुवंशिक आजार आढळतात हे आधी वाचून घ्यावे. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांचे एक्स-रे महत्त्वाचे असतात. लॅब्रॅडॉरमध्ये हळूहळू अंधत्व आणणाऱ्या एका विकारासाठी डीएनए चाचणी उपलब्ध आहे. डोबरमन आणि कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल यांच्या बाबतीत हृदयतपासणी अत्यावश्यक मानावी. डाल्मेशियनमध्ये जन्मजात बहिरेपणा आढळतो, आणि एकाच कानाने बहिरे असलेले पिल्लू नुसत्या निरीक्षणातून ओळखू येत नसल्याने प्रत्येक पिल्लाची श्रवणचाचणी झालेली असावी. खुब्याच्या सांध्यांचे अंतिम मूल्यमापन कुत्रा एक ते दोन वर्षांचा झाल्यावरच करतात, त्यामुळे पहिल्याच माजात लावलेल्या कुत्रीचा असा अहवाल सहसा असूच शकत नाही. ‘आमच्याकडे कधी कोणाला काही झाले नाही’ हे प्रामाणिक विधान असू शकते, पण ते तपासणीची जागा घेत नाही. वंशावळीच्या कागदाचेही तसेच आहे. त्यावरून पूर्वज कोण ते कळते, प्रकृती कळत नाही.

प्रत्यक्ष भेटीत आईला पिल्लांसोबत पाहिल्याशिवाय कोणताही व्यवहार करू नये. आई आज दुसरीकडे पाठवली आहे, ती आजारी आहे, तुम्ही येऊ नका, पिल्लू आम्हीच रस्त्यात आणून देतो, अशी कारणे ऐकू आली तर तिथेच थांबावे, कारण अन्यत्र पैदास झालेली पिल्ले घरात आणून ‘घरची’ म्हणून विकण्याचा प्रकार याच मार्गाने चालतो. वडील तिथे नसणे मात्र संशयास्पद नाही. चांगला ब्रीडर योग्य नरासाठी अनेकदा दुसऱ्याच्या कुत्र्याची निवड करतो, आणि त्याची छायाचित्रे व अहवाल दाखवू शकतो. आई थोडी रोडावलेली, केस गळलेली आणि सड ओघळलेली दिसली तर ते पिल्लांना पाजण्यामुळे होते, त्याची चिंता नको. पाहायचा आहे तो तिचा स्वभाव. अनोळखी माणूस आल्यावर ती सुरुवातीला सावध झाली, भुंकली, पण मालक शांत आहे हे पाहून सैलावली, तर ते समजण्यासारखे आहे. ती कोपऱ्यात दबून राहिली, थरथरली किंवा अंगावर आली, तर त्या वेताचा विचार सोडून द्यावा, कारण भित्रेपणा काही अंशी रक्तातून येतो आणि उरलेला पिल्ले तिच्याकडे पाहून शिकतात.

मग घर पाहावे. पिल्ले माणसांच्या वावरात आहेत की मागच्या एखाद्या बंद खोलीत? त्यांनी मिक्सरचा आवाज, दाराची घंटा, मुलांचा गोंगाट ऐकला आहे का, गुळगुळीत फरशी, गवत आणि पायरी यांवर ती चालली आहेत का, घरच्यांखेरीज इतरांनी त्यांना उचलून घेतले आहे का? झोपण्याची आणि शी-शूची जागा वेगळी ठेवलेली असणे हे अतिशय चांगले लक्षण आहे. पिल्ले साधारण तिसऱ्या आठवड्यापासून आपली झोपायची जागा सोडून बाजूला जाऊ लागतात. ज्यांना घाणीतच राहावे लागते त्यांची ही उपजत सवय मोडते, आणि नंतर त्यांना बाहेर जायला शिकवताना नव्या मालकाची फार परीक्षा होते. ब्रीडरने तुम्हाला चपला बाहेर काढून हात धुवायला सांगितले तर आनंदाने धुवावेत. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या आजाराचा विषाणू चपलांवरून सहज पसरतो आणि महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून एकाच दिवशी दोन ठिकाणची पिल्ले पाहणेही टाळावे.

पिल्ले नुकतीच झोपेतून उठून खेळत असताना पाहावीत. निरोगी पिल्लू अंगाने भरलेले असते, पण पोट नगाऱ्यासारखे फुगलेले नसते. तसे असल्यास बहुधा जंत असतात. डोळे आणि नाक स्वच्छ, हिरड्या गुलाबी आणि ओलसर, कानांना दुर्गंधी नाही, शेपटीखालची जागा कोरडी, त्वचेवर पिसवा वा खवले नाहीत, चाल मोकळी, बेंबीजवळ गाठ नाही आणि नर असल्यास दोन्ही वृषण खाली उतरलेले, एवढे तुम्ही स्वतः पाहू शकता. हृदयाचे ठोके पशुवैद्य ऐकतील. थोड्या अंतरावर किल्ल्यांचा जुडगा खाली टाकून पाहावा: दचकून पुन्हा कुतूहलाने जवळ येणारे पिल्लू उत्तम. तरीही एका भेटीतल्या अशा चाचणीवर फार विसंबू नये, कारण त्यावरून प्रौढ स्वभावाचा अंदाज नीट बांधता येत नाही. त्यांना आठ आठवडे रोज पाहणाऱ्या ब्रीडरला आपल्या घराची खरी माहिती द्यावी आणि यांतले कोणते योग्य, हे त्यालाच विचारावे. कोपऱ्यात एकटे बसलेल्या पिल्लाची कणव येते; परंतु त्याला सांभाळण्याचा अनुभव आणि वेळ नसेल तर केवळ कणवेपोटी त्याला नेणे हे त्याच्यावरही अन्याय करणारे ठरते.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू कोणी देऊ केले तरी घेऊ नये. दूध तुटले म्हणजे आईचे काम संपले असे होत नाही. किती जोराने चावले की खेळ थांबतो, हे पिल्लू याच काळात आई आणि भावंडांकडून शिकते. जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी दिलेले असावे, कारण जंत गर्भातून आणि दुधातूनही पिल्लांकडे जातात. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देतात आणि सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने पुढचे डोस लागतात, कारण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरेपर्यंत लस पुरेशी लागू होईलच असे नाही. त्यामुळे ‘सर्व लसी पूर्ण झाल्या आहेत’ हे आठ आठवड्यांच्या पिल्लाविषयीचे विधान चुकीचेच असते. लसीकरण पुस्तिकेत लसीच्या बाटलीवरचे लेबल, तारीख आणि पशुवैद्याची सही आहे का, हे पाहावे.

करार लेखी असावा. पशुवैद्याने काही दिवसांत गंभीर दोष दाखवला तर काय, पुढे आनुवंशिक आजार निघाला तर काय, आणि कधीही पिल्लू सांभाळणे अशक्य झाले तर ब्रीडर ते परत घेईल का, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. शेवटच्या अटीला मी सर्वाधिक महत्त्व देतो.

पिल्लू आणताना आई-भावंडांचा वास असलेले एक फडके आणि सध्या चालू असलेले खाद्य थोडे सोबत मागून घ्यावे, कारण खाद्य अचानक बदलले की जुलाब होतात. नवे खाद्य आठवडाभरात हळूहळू मिसळत जावे. दोन-तीन दिवसांत आपल्या पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला अनोळखी कुत्र्यांच्या वावराच्या जागी खाली सोडू नये. परंतु त्याला घरात कोंडूनही ठेवू नये, कारण सामाजिकीकरणाचे, म्हणजे जगाशी ओळख होण्याचे, उरलेले थोडेच आठवडे आता तुमच्या हाती आहेत. कडेवर घेऊन रस्ता दाखवावा, वेगवेगळ्या वयाच्या माणसांना भेटवावे, लसीकरण झालेल्या शांत कुत्र्यांशी ओळख करून द्यावी, आणि ते घाबरलेले दिसले की लगेच अंतर वाढवावे.