वायबीसीओचं लो टेम्परेचर रेझिस्टन्स मेजरमेंट नीट कसं करायचं

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला सुपरकंडक्टर (ठरावीक टेम्परेचरच्या खाली ज्याचा रेझिस्टन्स नाहीसा होतो असा पदार्थ) घेणारे बहुतेक जण वायबीसीओच, म्हणजे यट्रिअम, बेरिअम आणि कॉपरचं ऑक्साइड, घेतात आणि ते बरोबर आहे, कारण त्याचा टीसी, म्हणजे ज्याच्या खाली तो सुपरकंडक्टर होतो ते टेम्परेचर, साधारण ९२-९३ केल्विन, लिक्विड नायट्रोजन उकळतो ७७ केल्विनला, म्हणजे हेलिअम नसलं तरी अख्खं ट्रान्झिशन बघायला मिळतं. १९८७ च्या आधी ही सोय नव्हती. १९११ साली लायडनला कामरलिंग ऑनेसच्या लॅबमध्ये पाऱ्याचा रेझिस्टन्स नाहीसा झाला तो ४.२ केल्विनच्या आसपास, आणि तिथपर्यंत पोचायला त्यांना आधी हेलिअम लिक्विफाय करावं लागलं होतं. आपल्याला नुसता एक डेवार, म्हणजे लिक्विड नायट्रोजनचा थर्मास, भरून आणायचाय. पण मटेरिअल हाताशी आलं म्हणून मेजरमेंट सोपं झालं असं नाही, आणि माझं ठाम मत असं आहे की ग्राफ चांगला येणार की नाही हे दोनच गोष्टींवर ठरतं, कॉन्टॅक्ट कसे केलेत आणि थर्मामीटर कुठे चिकटवलाय. म्हणून या दोन्हींबद्दल खाली जरा जास्तच लिहिलंय.

आधी सॅम्पल, हे पटकन सांगतो. १० ग्रॅम वायबीसीओसाठी यट्रिअम ऑक्साइड १.६९ ग्रॅम, बेरिअम कार्बोनेट ५.९२ आणि कॉपर ऑक्साइड ३.५८, बेरीज ११ च्या वर जाते ती कार्बन डायऑक्साइड उडून जाणार असतो म्हणून. बेरिअम कार्बोनेट विषारी आहे, तोलताना आणि खलताना ग्लोव्ह्ज आणि मास्क हवेच. अ‍ॅगेटच्या खलात एकजीव होईपर्यंत घोटा, ९०० ते ९३० अंश सेल्सिअसला रात्रभर भट्टीत, मग परत घोटून परत भट्टीत, पावडर एकसारखी काळी दिसायला हवी. हिरवट छटा दिसली तर तो दुसरा फेज आहे, म्हणजे त्याच मूलद्रव्यांचा वेगळा पदार्थ, तो सुपरकंडक्टर नाही, परत घोटायचं. मग पावडरची पेलेट (चकती) दाबून ९३०-९४० च्या आसपास सिंटर करा, म्हणजे दाणे एकमेकांना धरतील असं भाजा, आणि खाली येताना ४५० अंशांवर ऑक्सिजनच्या फ्लोमध्ये बरेच तास ठेवा. ही पायरी घाईत उरकू नका, ९० केल्विनचा टीसी ऑक्सिजनमुळेच येतो, सूत्रात ऑक्सिजन ७ च्या जवळ असला तर सुपरकंडक्टर आणि ६ च्या जवळ घसरला तर तोच पदार्थ इन्सुलेटर. आणि पॉलिश करताना, कापताना पाणी लावू नका, वायबीसीओ ओलाव्यानं खराब होतं, कोरड्या पॉलिश पेपरवर घासून पट्टी काढा आणि वापरात नसेल तेव्हा डेसिकेटरमध्ये ठेवा.

पुढचा सगळा हिशोब एकाच पट्टीवर करू म्हणजे आकडे डोक्यात बसतील. पट्टी १० मिमी लांब, २ मिमी रुंद, १ मिमी जाड, व्होल्टेजचे दोन कॉन्टॅक्ट एकमेकांपासून ४ मिमीवर. चांगल्या पॉलिक्रिस्टलाइन सॅम्पलची रूम टेम्परेचरची रेझिस्टिव्हिटी १ मिलिओहम सेंटीमीटरच्या आसपास धरली तर या ४ मिमीचा रेझिस्टन्स येतो २० मिलिओहम. १० मिलिअ‍ॅम्पिअर सोडले तर २०० मायक्रोव्होल्ट, आणि खाली ट्रान्झिशनच्या तोंडाशी येईपर्यंत तो आणखी कमी होऊन ७० वगैरे. साधा हातातला मल्टिमीटर सगळ्यात खालच्या रेंजला ०.१ मिलिव्होल्ट दाखवतो, म्हणजे आपलं सगळं सिग्नल त्याच्या शेवटच्या आकड्याच्या दोन पायऱ्या. त्यामुळे निदान साडेसहा डिजिटचा मीटर हवा, नॅनोव्होल्टमीटर मिळाला तर उत्तम.

आता चार वायर का, तर कॉन्टॅक्टचा स्वतःचा रेझिस्टन्स एकदोन ओहम सहज असतो आणि आपल्याला मोजायचेत २० मिलिओहम. दोनच वायरींनी मोजलं तर जे दिसेल ते कॉन्टॅक्टचंच. बाहेरच्या दोन वायरींतून करंट, आतल्या दोन वायरींना फक्त व्होल्टमीटर, व्होल्टमीटर जवळजवळ करंट घेतच नाही म्हणून आतल्या कॉन्टॅक्टवर ड्रॉप पडत नाही. हे सगळ्यांना पाठ असतं, व्हायव्हामध्ये सांगतात पण, आणि तरीही कॉन्टॅक्ट करताना सिल्व्हर पेंटचे चार गोल ठिपके देतात. ठिपके नको. करंटचे कॉन्टॅक्ट पट्टीच्या दोन टोकांच्या पूर्ण फेसवर पसरवा म्हणजे करंट सगळ्या जाडीतून सारखा जाईल, आणि व्होल्टेजचे कॉन्टॅक्ट म्हणजे रुंदीभर ओढलेल्या दोन बारीक रेघा. रेघ अर्धा मिमी जाड झाली की ४ मिमीच्या अंतरात १२ टक्क्यांची शंका आली, म्हणजे रेझिस्टिव्हिटीच्या आकड्यात पण आलीच, म्हणून टूथपिकचं टोक ब्लेडनं तासून त्यानं रेघ ओढा, ब्रशनं नाही. पेंट घट्ट झाला असेल तर त्याच्यासोबत येणारा थिनर एक थेंब. आधी तो भाग हलकेच घासून ताजा करायचा, वायर ठेवायची, पेंट लावायचा, पूर्ण वाळू द्यायचं, आणि वाळेपर्यंत वायर ओढली जाणार नाही अशी ती, सॅम्पल ज्या कॉपर ब्लॉकवर बसणार आहे त्याला कुठेतरी चिकटपट्टीनं धरून ठेवायची, बहुतेक कॉन्टॅक्ट थंड केल्यावर निघतात ते वायरीत ताण राहिल्यामुळे. साधं सोल्डर वायबीसीओला धरत नाही, त्याचा नाद सोडा. इंडिअमचा बारीक तुकडा दाबून चालतो.

वाळल्यावर मल्टिमीटरनं प्रत्येक जोडी तपासा, चार वायरींच्या सहा जोड्या होतात, सगळ्या काही ओहमच्या आत हव्यात, एखादी वायर असलेल्या तिन्ही जोड्या जास्त दाखवत असतील तर तो कॉन्टॅक्ट काढून नवीन करा, चालवून घेऊ नका. मग प्रत्येक वायर आणि कॉपर ब्लॉक यांच्यामध्ये बघा, तिथे मीटरला काहीच लागायला नको.

अजून एक टेस्ट आहे जी फार कमी जण करतात आणि मला ती सगळ्यात आवडते. करंट आणि व्होल्टेजच्या जोड्या अदलाबदल करा, म्हणजे आतल्या दोन वायरींतून करंट सोडा आणि बाहेरच्या दोघींवर व्होल्टेज मोजा. रेझिस्टन्स तेवढाच आला पाहिजे. सॅम्पल कितीही वाकडंतिकडं असलं, आत भेगा असल्या तरी तेवढाच यायला हवा, तो रेसिप्रॉसिटीचा नियमच आहे. नाही आला तर कुठेतरी लीकेज आहे, कॉन्टॅक्ट गडबड करतोय किंवा सॅम्पल तापतंय, आणि हे रूम टेम्परेचरलाच दोन मिनिटांत कळतं, नायट्रोजन वाया न घालवता.

माउंटिंग. सॅम्पल कॉपर ब्लॉकवर बसवायचं पण त्याला विजेनं चिकटता कामा नये, यासाठी सिगारेटचा पातळ कागद जीई वार्निशमध्ये (थंडीतही धरून ठेवणारा, वीज न वाहणारा गोंद) भिजवून मध्ये घालतात, मोठमोठ्या लॅबमध्ये पण हेच करतात, कारण कागद इतका पातळ की उष्णता पलीकडे जाते आणि करंट जात नाही. वार्निश नसेल तर अ‍ॅपिझॉन एन, हे कमी टेम्परेचरला चालणारं ग्रीस. पीटी-१०० सेन्सर (प्लॅटिनमचा थर्मामीटर, त्याच्या रेझिस्टन्सवरून टेम्परेचर कळतं) त्याच ब्लॉकवर, सॅम्पलच्या अगदी शेजारी, त्याच ग्रीसमध्ये नीट बसवलेला, हवेत लोंबकळणारा सेन्सर वाफेचं टेम्परेचर सांगतो, सॅम्पलचं नाही. सेन्सरला पण चारच वायरी लावा. आणि सगळ्या वायरी वरून येताना रूमची उष्णता सोबत घेऊन येतात, म्हणून बारीक कॉपर वायर घ्या, ब्लॉकभोवती पाचसात वेढे देऊन वार्निश लावा, मग सॅम्पलकडे न्या. करंटची जोडी वेगळी पिळा, व्होल्टेजची वेगळी.

पीटी-१०० तपासायचा सोपा उपाय, बर्फ आणि पाण्यात १०० ओहम, लिक्विड नायट्रोजनमध्ये साधारण २०.३ ओहम. पुण्यात करत असाल तर एक लक्षात ठेवा, समुद्रसपाटीपासून ५६० मीटर वर आहोत, हवेचा दाब कमी, त्यामुळे नायट्रोजन ७७.४ ला न उकळता जवळपास अर्धा केल्विन खालीच उकळतो. मुंबईत किंवा पणजीत हा फरक पडत नाही.

नायट्रोजन कुठून आणायचा हा प्रश्न तालुक्याच्या कॉलेजवाल्यांना पडतो. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठीच्या कांड्या लिक्विड नायट्रोजनमध्येच ठेवतात, त्यामुळे पशुसंवर्धनच्या लोकांना किंवा जवळच्या दूध संघाला विचारा, त्यांना सप्लायर माहीत असतो. डेवारचं झाकण कधीही घट्ट बंद करायचं नाही, १ लिटर लिक्विडचे जवळजवळ ७०० लिटर गॅस होतात, बंद भांडं फुटतं आणि बंद खोलीत ऑक्सिजन कमी होऊन माणूस काही कळायच्या आत कोसळतो. खिडक्या उघड्या ठेवा. डेवार लिफ्टनं पाठवायचा असेल तर तो एकटाच लिफ्टमधून जाऊ दे, आपण जिन्यानं, आणि मधल्या मजल्यावर कोणी आत शिरणार नाही हे बघा. गॉगल हवाच, ग्लोव्ह्ज ढिले हवेत म्हणजे आत थेंब गेला तर लगेच झटकून काढता येतात.

आता प्रत्यक्ष रन. करंट ठरवायला आधी रूम टेम्परेचरला १, २, ५, १० मिलिअ‍ॅम्पिअरला व्होल्टेज घ्या, सरळ रेघ आली पाहिजे. सिग्नल वाढवायचा म्हणून १०० मिलिअ‍ॅम्पिअर सोडायचा मोह होतो, पण करंट दहापट केला की उष्णता शंभरपट, ५ ओहमच्या कॉन्टॅक्टवर १० मिलिअ‍ॅम्पिअरला अर्धा मिलिवॉट जळतो तिथे १०० ला ५० मिलिवॉट, आणि मग सॅम्पल सेन्सरपेक्षा गरम राहून टीसी खाली सरकलेला दिसतो.

दुसरं, करंट उलटा करून प्रत्येक पॉइंट घ्यायचाच. वायरींचं एक टोक ८० केल्विनला आणि दुसरं ३०० ला, मध्ये जॉइंट आणि वेगवेगळे धातू, त्यामुळे करंट बंद असताना सुद्धा काही मायक्रोव्होल्ट दिसत राहतात, त्याला थर्मो ईएमएफ म्हणतात. ७० मायक्रोव्होल्टच्या सिग्नलमध्ये ५ चा थर्मो ईएमएफ म्हणजे थोडाथोडका नाही, आणि ट्रान्झिशनच्या खाली तर तोच एकटा उरतो आणि लोकांना वाटतं रेझिस्टन्स शून्याला गेलाच नाही. सरळ करंटचं रीडिंग वजा उलट्या करंटचं, भागिले २, एवढ्यानं तो उडतो, फक्त दोन रीडिंगच्या मध्ये टेम्परेचर सरकायला नको.

म्हणूनच सावकाश. प्रोब, म्हणजे ज्या दांडीच्या टोकाला ब्लॉक आणि सॅम्पल आहे ती, नायट्रोजनच्या लेव्हलच्या बराच वर धरून वाफेतच थंड करत थोडा थोडा खाली न्या, ११० केल्विनच्या आसपास आलात की मिनिटाला अर्धा केल्विनपेक्षा वेग नको. ७७ ला पोचल्यावर थोडा वेळ थांबा, मग प्रोब लेव्हलच्या जरा वर उचलून आपोआप गरम होऊ द्या आणि परत पूर्ण डेटा घ्या. थंड होतानाचा आणि गरम होतानाचा ग्राफ एकावर एक ठेवा. दोन्ही ट्रान्झिशनमध्ये २ केल्विनचं अंतर असेल तर सेन्सर आणि सॅम्पल एका टेम्परेचरला नव्हते, बाकी काही नवीन फिजिक्स शोधू नका, वेग कमी करा नाहीतर ग्रीस बदला.

ग्राफ आल्यावर ऑनसेट (जिथे रेझिस्टन्स पडायला लागतो), निम्मी उंची आणि शून्य अशी तिन्ही टेम्परेचर लिहा, नुसतं टीसी ९१ असं लिहून कोणाला काही कळत नाही. खाली लांब शेपटी आली असेल तर बहुतेक दाण्यांच्या मधले जोड कमजोर आहेत, करंट कमी करून बघा, शेपटी आखडली तर तेच कारण, आणि उपाय म्हणजे परत ऑक्सिजनमध्ये भट्टी. रेझिस्टन्स निगेटिव्ह दिसला तर एखादा कॉन्टॅक्ट सुटत चाललाय किंवा करंट सॅम्पलमधून वाकडा वाहतोय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, शून्य. आपला मीटर १०० नॅनोव्होल्टपर्यंत बघतो असं धरा, १० मिलिअ‍ॅम्पिअरला म्हणजे १० मायक्रोओहम, आपल्या पट्टीत त्याची रेझिस्टिव्हिटी होते ०.५ मायक्रोओहम सेंटीमीटर. साध्या तांब्याची ७७ केल्विनला ०.२ च्या आसपास असते. म्हणजे त्याच मापाची तांब्याची पट्टी लावली असती तरी मीटरनं शून्यच दाखवलं असतं. म्हणून रिपोर्टमध्ये शून्य लिहू नका, अमुक इतक्यापेक्षा कमी असं लिहा आणि तो आकडा कसा काढला ते लिहा. २०२३ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियाच्या एका ग्रुपनं एलके-९९ नावाचा पदार्थ रूम टेम्परेचरच्या वर सुपरकंडक्टर आहे असं जाहीर केलं, त्यांच्या ग्राफमधली १०४ अंश सेल्सिअसजवळची रेझिस्टन्सची उडी पुढे सॅम्पलमध्ये राहिलेल्या कॉपर सल्फाइडच्या स्ट्रक्चरल ट्रान्झिशनची निघाली, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनं केलेल्या सॅम्पलमध्ये पण सुपरकंडक्टिव्हिटी सापडली नाही. रेझिस्टन्स एकदम पडणं म्हणजे सुपरकंडक्टर नव्हे. उलट्या बाजूचं उदाहरण आपल्या मुंबईचं, टीआयएफआरमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) २०१६ साली शुद्ध बिस्मथ ०.५३ मिलिकेल्विनच्या खाली सुपरकंडक्टर होतं हे दाखवलं, ते मॅग्नेटिक मेजरमेंटनं.

त्यामुळे रेझिस्टन्ससोबत मॅग्नेटिक पुरावा जोडाच, सुपरकंडक्टर मॅग्नेटिक फील्ड बाहेर ढकलतो याचा. मॅग्नेटोमीटरवर वेळ मिळत असेल तर झिरो फील्ड कूल्ड (मॅग्नेटिक फील्ड न लावता थंड केलेलं) आणि फील्ड कूल्ड (फील्ड लावून थंड केलेलं) असे दोन रन घ्या, नसेल मिळत तर पेलेटचा उरलेला तुकडा नायट्रोजनमध्ये थंड करून त्याच्यावर छोटा निओडिमिअम मॅग्नेट ठेवून तरंगतो का बघा आणि फोटो जोडा. हे झालं की प्रोब बाहेर काढून लगेच उघडू नका, थंड सॅम्पलवर मुंबई-कोकणच्या हवेत क्षणात दव धरतं आणि तोच ओलावा कॉन्टॅक्टखाली शिरतो, रूम टेम्परेचरला येईपर्यंत कोरड्या नायट्रोजन गॅसमध्येच राहू द्या, मग सॅम्पल वायरींसकट डेसिकेटरमध्ये, डबीवर बॅच, ऑक्सिजनची भट्टी कोणत्या तारखेला झाली आणि व्होल्टेज कॉन्टॅक्टमधलं मोजलेलं अंतर लिहून.