वायफाय चालत नाही? रिसेटच्या भोकात टाचणी घालण्याआधी या चुका टाळा

लॅपटॉपवर नेट बंद पडलं की घरात पहिला बळी जातो तो राउटरचा. कोणीतरी टाचणी नाहीतर सिमकार्डची पिन आणतं, मागचं बारीक भोक शोधतं आणि सगळे दिवे लुकलुकेपर्यंत दाबून धरतं. "रिसेट मारलं, आता चालेल." चालत तर नाहीच, उलट आधी एकाच लॅपटॉपचं नेट गेलेलं असतं, ते आता सगळ्या घराचं जातं. त्या भोकातलं बटण म्हणजे रीस्टार्ट नव्हे. ते दाबलं की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. वायफायचं नाव आणि पासवर्ड पुसला जातोच, शिवाय बऱ्याच जोडण्यांमध्ये कंपनीच्या माणसाने राउटरमध्ये भरून दिलेलं पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कमध्ये लॉगिन करण्याचं, युजरनेमही जातं. ते कुठे लिहून ठेवलंय हे घरात कुणालाच ठाऊक नसतं आणि मग रविवारी संध्याकाळी केबलवाल्याला फोन लावत बसावं लागतं. राउटर नुसता बंद-चालू करायचा असेल तर प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा लावा आणि दिवे स्थिरावायला दोन-चार मिनिटं द्या.

खरं तर त्याही आधी एक गोष्ट ठरवायला हवी: बिघाड लॅपटॉपात आहे की बाहेर? त्यासाठी तेच वायफाय मोबाइलवर चालवून बघायचं. इथेच बहुतेक जण फसतात, कारण मोबाइल डेटा चालूच ठेवतात. वायफायवर नेट नसलं की फोन गुपचूप डेटावर जातो, पान झटकन उघडतं आणि दोष विनाकारण लॅपटॉपवर येतो. आधी डेटा बंद करा, मग बघा.

मोबाइललाही नेट नसेल तर लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये काहीही करू नका. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल दिसतोय का? म्हणजे वायरमधून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचतच नाही. बाहेर खोदकामात वायर तुटली असेल किंवा कपाट सरकवताना ती मागे काटकोनात दुमडली असेल. दुमडली असेल तर हलक्या हाताने सैल करा, नाहीतर सरळ तक्रार नोंदवा. फायबरचं टोक उपसून त्यावर फुंकर मारायची नाही, बोट लावायचं नाही आणि आत डोकावायचं तर मुळीच नाही. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो लेझरचा असतो.

मोबाइल चालतोय आणि लॅपटॉपच रुसलाय, तर स्क्रीनवर नेमकं काय लिहून येतंय ते वाचा. 'नेट येत नाही' एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.

वायफायचं चिन्हच गायब असेल तर एअरप्लेन मोड बघा. अनेक लॅपटॉपवर कीबोर्डच्या वरच्या ओळीत त्याचं बटण असतं आणि पुसापुशीत ते दाबलं जातं. मग रीस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे तेच, असं वाटतं, पण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये सिस्टिमचा काही भाग जसाच्या तसा साठवला जातो आणि बिघाडही त्यासोबत परत येऊ शकतो. एवढं करूनही चिन्ह आलं नाही तर ड्रायव्हरकडे, म्हणजे वायफायचं कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, वळा. मोबाइल यूएसबी वायरने जोडून टेदरिंग (मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं) चालू करा आणि लॅपटॉपच्या कंपनीच्याच साइटवरून ड्रायव्हर घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर टाळा. त्यांच्यासोबत नको ते बरंच काही येतं.

शेजाऱ्यांची सगळी वायफाय दिसतात आणि आपलंच दिसत नाही, असंही होतं. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालू आहे आणि लॅपटॉपचं जुनं वायफाय कार्ड २.४ च्या पलीकडे बघूच शकत नाही, हे त्यामागचं नेहमीचं कारण. राउटरमध्ये २.४ चालू केलं की काम भागतं. नाव दिसतंय पण जोडलं जात नाही आणि नुकताच पासवर्ड बदललाय, तर लॅपटॉपवर ते नेटवर्क 'फर्गेट' करून नव्याने जोडा. राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए ३ या नव्या पद्धतीवर असेल तरीही जुनी कार्डं अडतात. तिथे डब्ल्यूपीए २ आणि ३ चा मिश्र पर्याय निवडा. वैतागून पासवर्डच काढून टाकू नका.

सगळ्यात चकवणारा प्रकार म्हणजे 'कनेक्टेड, नो इंटरनेट'. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज असं जा आणि आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे नेटवर्कवर लॅपटॉपला मिळालेला आकडी पत्ता, बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने लॅपटॉपला पत्ता दिलेलाच नाही, लॅपटॉपने स्वतःच कामचलाऊ घेतलाय. अशा वेळी राउटर आणि लॅपटॉप दोन्ही बंद-चालू करा. पत्ता ठीक दिसतोय, पण आयपी किंवा डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी सेवा) पुढे 'मॅन्युअल' लिहिलंय? ऑफिसात कुणीतरी भरून दिलेले आकडे घरी चालत नाहीत, ते ऑटोमॅटिक करा. ऑफिसचा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा खासगी मार्ग) आणि प्रॉक्सीही (नेट ज्यातून जातं तो मधला सर्व्हर) बंद करून बघा. 'नेटवर्क रिसेट' हे बटण अगदी शेवटी. त्याने साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात आणि व्हीपीएन पुन्हा बसवावा लागतो.

आणि घड्याळ बघा. जुन्या कॉम्प्युटरवर तारीख चुकून काही वर्षं मागे गेली की सुरक्षित साइट्स प्रमाणपत्र अमान्य म्हणून उघडत नाहीत. वायफाय मात्र उत्तम चालू असतं. दर वेळी कॉम्प्युटर चालू केल्यावर तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. डेस्कटॉपमध्ये तो बहुधा सीआर २०३२ असतो आणि घड्याळजीकडेही मिळतो.