नेल गन उघडण्याआधी

हवेच्या दाबावर खिळे ठोकणाऱ्या नेल गनचे सुटे भाग मागवण्याआधी हवा कुठून गळतेय ते शोधा. मॅगझिनमधले खिळे काढा, डोळ्यांना गॉगल लावा, हवा जोडा आणि ट्रिगरला हात न लावता कान देऊन ऐका. गनच्या माथ्यावरच्या टोपणाजवळच्या एक्झॉस्टमधून, म्हणजे वापरलेली हवा बाहेर पडते त्या तोंडातून, सतत फुसफुस येत असेल तर बहुतेक वेळा हेड व्हॉल्व्हच्या (सिलेंडरच्या वरच्या झडपेच्या) ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्या, गेलेल्या असतात. ट्रिगरच्या बुडाशी आवाज येत असेल तर ट्रिगर व्हॉल्व्ह बघा. गळती कुठेच नाही पण खिळा अर्धवट राहतो, अशा वेळी आधी कॉम्प्रेसरचा दाब तपासा. बऱ्याच गन 70 ते 120 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) एवढ्या दाबावर चालतात, पण नेमका आकडा गनवरच छापलेला असतो. दाब ठीक असेल तर संशय पिस्टनची ओ-रिंग, बंपर (पिस्टनचा धक्का झेलणारं रबर) आणि झिजलेलं ड्रायव्हर ब्लेड (खिळ्यावर आदळणारी पात) यांच्यावर.

आता हवेचा पाईप काढा. यात सवलत नाही. गनला बसवलेला कनेक्टर पाईप काढताच आतली हवा सोडून देणारा असावा; हवा आत अडकली तर एक खिळा उडू शकतो.

मॉडेल नंबरप्रमाणे गनच्या भागांची आकृती शोधून समोर ठेवा. ॲलन की, स्वच्छ फडका, ओ-रिंग ग्रीस, न्यूमॅटिक तेल आणि स्क्रू ठेवायला वाटी जवळ घ्या. टोपण उघडताना प्रत्येक भागाचा फोटो काढा, स्प्रिंग कुठल्या बाजूने बसते हे नंतर आठवत नाही. ओ-रिंग काढायला टोकदार लोखंड वापरू नका; खाचेत ओरखडा पडला की नवी रिंगही गळते. जुनी रिंग बोटांत वळवून पाहा: एका बाजूने चपटी झाली असेल किंवा बारीक तडे दिसले तर ती गेली. नवी रिंग आतला व्यास आणि जाडी दोन्ही जुळवूनच घ्या, आणि गन एकदा उघडलीच आहे तर ओ-रिंगचं पूर्ण किट बदला, असं माझं ठाम मत आहे. बंपर फुटला असेल तर त्याचे काळे तुकडे सिलेंडरमध्ये पडलेले दिसतील, ते एकूण एक पुसून काढा.

नव्या रिंगला ग्रीसचा पातळ हात द्या. इंजिन ऑइल किंवा गंज सोडवायचा स्प्रे नको, त्याने रबर खराब होऊ शकतं. तेल न लागणारी गन असेल तर तेल घालूच नका. टोपणाचे स्क्रू तिरपे, आलटून-पालटून आवळा. मग कमी दाबावर हवा जोडून आधी गळती ऐका, आणि त्यानंतरच टाकाऊ लाकडावर खिळा मारा.