गोव्यात एकटे असाल तर जेवायचं कुठे?

गोवा विद्यापीठाच्या कामासाठी ताळगाव पठारावर एकटे आलात, तर रेटिंग बघत बसू नका. कॅन्टीनबाहेर उभ्या असलेल्या मुलांना किंवा बसच्या कंडक्टरला विचारा, ‘तुम्ही रोज कुठे जेवता?’ ‘चांगलं हॉटेल कुठलं?’ असं विचारलंत की पाहुण्यांसाठीचं महागडं नाव सांगतात, म्हणून ‘रोज’ हा शब्द विसरू नका.

सकाळी पणजीत कॅफे भोसलेसारख्या जागी भाजी-पाव घ्या. पातळ भाजी, सुकी भाजी किंवा दोन्ही मिक्स, आणि सोबत गरम मिरची भजी. टेबलावर अनोळखी माणूस येऊन बसतो, त्यात कुणाला काही वाटत नाही. एकट्या माणसाला अशी जागा फार बरी.

दुपारी मासळीची थाळी साडेबारा-एकलाच गाठा, दोननंतर बरंच काही संपलेलं असतं. हुमण (नारळाच्या वाटणातली माशांची आमटी), सोलकढी, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) थाळीतच येतं. तळलेली इसवण (सुरमई) किंवा चणक ही मासळी मात्र बहुतेक ठिकाणी वेगळी, तिचा भाव आधी विचाराच. मी एकदा न विचारता तुकडा मागवला आणि थाळीपेक्षा त्याचंच बिल जास्त झालं. जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात, तेव्हा ताजं काय आहे तेही विचारा.

संध्याकाळी गाड्यावरचं रस-ऑम्लेट खा. ऑम्लेटवर शाकुतीचा, म्हणजे भाजलेल्या मसाल्याच्या नारळाच्या रश्शाचा गरम रस, वर बारीक कांदा, बाजूला लिंबाची फोड आणि पाव. उभ्यानेच खायचं असल्यामुळे एकटं असल्यासारखं वाटतच नाही.