कॅज्युअल्टीतला लकवा: स्ट्रोक की फंक्शनल?

सोलापुरात पहिल्यांदाच कॅज्युअल्टीची ड्यूटी लागलेल्या इंटर्नसाठी हे लिहिते आहे. 'अंगावरून वारं गेलं' म्हणून आणलेल्या प्रत्येकाला स्ट्रोक, म्हणजे मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद होणं किंवा फुटणं, नसतो. कुणाची साखर उतरलेली असते, कुणाला फिट येऊन गेलेली असते. काहींना फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर असतो. यात मेंदूला इजा झालेली नसते, पण हालचालीवरचा त्याचा ताबा बिघडलेला असतो. या पेशंटला 'नाटक करतेय' म्हणणारं कुणीतरी आसपास असतंच. तुम्ही त्यात सामील होऊ नका. पाय हलत नाही म्हणजे तिला तो खरंच हलवता येत नाही.

पण आधी वेळ बघा. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून आलेले नातेवाईक 'सकाळी झालं' म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा सकाळी फक्त लक्षात आलेलं असतं. म्हणून 'शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?' असं विचारा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास तिथून मोजायचे असतात. ग्लुकोमीटर लावा, सिनियरला फोन करा, सीटीला पाठवा. फंक्शनल वाटतंय म्हणून यातलं काहीही लांबवायचं नाही.

सीटी आधी रक्तस्राव आहे का ते सांगतो. गुठळीच्या स्ट्रोकमध्ये पहिल्या काही तासांत तो स्वच्छ दिसू शकतो, मेंदूच्या मागच्या भागातला छोटा स्ट्रोक तर सुरुवातीच्या एमआरआयलाही कधी चुकवतो. म्हणून 'सीटी नॉर्मल, म्हणजे फंक्शनल' हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. ताण आहे, वय कमी आहे, घरात भांडण झालंय, यावरूनही निदान होत नाही. भांडणानंतर स्ट्रोकही येतो.

फंक्शनलचं निदान तपासणीत सापडलेल्या खुणांवर होतं. १९०८ मध्ये अमेरिकन डॉक्टर हूवर यांनी वर्णन केलेली खूण नीट शिकून घ्या. झोपलेल्या पेशंटच्या दुबळ्या पायाच्या टाचेखाली हात ठेवा आणि टाच खाली दाबायला सांगा. जोर लागत नाही. मग चांगला पाय वर उचलायला सांगून त्याला वरून विरोध करा. त्याच क्षणी दुबळी टाच तुमच्या हातावर जोरात दाबली गेली, तर खूण पॉझिटिव्ह. स्ट्रोकच्या दुबळेपणात असा जोर परत येत नाही. मात्र पाय दुखत असेल, शरीराच्या एका बाजूचं भानच हरपलं असेल किंवा सूचना कळली नसेल, तर ही खूण फसवते.

चेहऱ्याकडेही बारकाईने बघा. स्ट्रोकमध्ये ओठाचा कोपरा सैल पडतो; फंक्शनलमध्ये बऱ्याचदा तो खाली खेचलेला असतो, डोळा आवळलेला आणि मानेचा स्नायू ताणलेला. दोन्ही हात तळवे वर करून पुढे धरायला लावा. स्ट्रोकमध्ये हात खाली येताना तळवा आत वळतो, फंक्शनलमध्ये तो सहसा न वळता खाली येतो. एकाच खुणेवर विसंबू नका. एकाच माणसात दोन्ही आजार असू शकतात.

सोलापुरात भाषेचं भान फार लागतं. पूर्व भागातल्या विडी कामगार मावशी घाबरल्या की तेलुगूतच बोलतात, अक्कलकोटकडचे आजोबा कन्नडमध्ये. मराठी प्रश्नाला उत्तर आलं नाही म्हणून वाचा गेली किंवा बोलायचंच नाहीये, असं ठरवू नका. नातेवाइकाला शेजारी उभं करून त्यांच्या भाषेत वस्तूंची नावं विचारायला लावा.

निदान पक्कं झाल्यावर 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं म्हणू नका. हूवरची खूण सिनियरसमोर त्यांनाच दाखवा: 'मावशी, बघा, पायात ताकद आहे. मेंदूकडून ती हवी तेव्हा वापरली जात नाहीये. हा आजार आहे आणि व्यायामाने सुधारू शकतो.' आणि फिजिओथेरपीला पाठवा.

केसपेपरवर 'हिस्टेरिकल' लिहू नका. 'हूवर पॉझिटिव्ह, उजवा पाय' असं सापडलेलं लिहा. बीपी आणि साखरेची नोंदही ठेवा, कारण त्याच मावशींना वर्षभराने स्ट्रोक येऊ शकतो. त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या इंटर्नने जुना कागद वाचूनही सीटी करायलाच हवा.