मंडळाच्या ग्रुपमधील अधिकारवाटप : या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, नवापुरा या भागांत मराठी माणसांची लहानमोठी मंडळे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत आणि त्यांपैकी कित्येकांचा कारभार आता पावतीपुस्तक व सूचनाफलक यांच्या जोडीने व्हॉट्सॲपवर आणि गूगल ड्राइव्हवर चालतो. आमच्या मंडळात हे काम मी काही वर्षे सांभाळतो आहे. या काळात जे गोंधळ झाले, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ मला एकाच ठिकाणी सापडले : अधिकार कामासाठी न देता मान म्हणून दिलेला होता.

ॲडमिनपद हा मान समजू नये

अध्यक्ष, माजी अध्यक्ष, ज्येष्ठ सल्लागार, मोठी देणगी देणारे गृहस्थ, अशा सर्वांना ॲडमिन करण्याची पद्धत आपल्याकडे पडून गेली आहे, कारण एखाद्याला वगळले तर त्याला वाईट वाटेल ही धास्ती असते. आमच्या ग्रुपला एके काळी चौदा ॲडमिन होते. गणेशोत्सवात त्यांच्यापैकी एका काकांना आरतीच्या पाळ्यांचा संदेश स्वतःच्या फोनमधून काढायचा होता. त्यांनी बोट ठेवले ते ‘सर्वांसाठी पुसा’ या पर्यायावर. ॲडमिनला दुसऱ्याने टाकलेला संदेशही सर्वांच्या फोनवरून पुसता येतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्या संध्याकाळी ज्यांची पाळी होती ते कुटुंब आले नाही, आणि काका पुढे कित्येक दिवस प्रत्येकाची क्षमा मागत राहिले. जो अधिकार त्यांना वापरायचाच नव्हता, तो त्यांच्या हाती देणारे आम्ही होतो, याची रुखरुख मला अजून आहे.

ॲडमिन दोन किंवा तीन असावेत : चिटणीस, सहचिटणीस आणि फोन नियमित पाहणारा एखादा कार्यकर्ता. एकच ॲडमिन ठेवणे तितकेच धोक्याचे, कारण तो ग्रुप सोडून गेला की व्हॉट्सॲप सदस्यांपैकी कोणाला तरी आपोआप ॲडमिन करते. शिवाय ज्याने ग्रुप तयार केला, तो स्वतःहून बाहेर पडेपर्यंत त्याला काढता येत नाही आणि त्याचे ॲडमिनपदही काढून घेता येत नाही. म्हणून ग्रुप एखाद्या उत्साही सभासदाच्या खाजगी क्रमांकावरून तयार करू नये, मंडळाच्या नावाने वेगळे सिमकार्ड घेऊन त्यावरूनच करावा.

सर्वांना एकाच ग्रुपमध्ये कोंबू नये

आजीव सभासद, वार्षिक वर्गणीदार, कार्यकारिणी, उत्सवापुरते येणारे स्वयंसेवक आणि पुण्याला किंवा परदेशी स्थायिक झालेले हितचिंतक यांची गरज एक नसते. सर्व एकत्र असले की प्रसादाच्या नारळांची चर्चा अमेरिकेत मध्यरात्री वाजते आणि वार्षिक सभेची सूचना ‘शुभ सकाळ’च्या चित्रांखाली बुडून जाते. 2022 पासून व्हॉट्सॲपवर कम्युनिटीची, म्हणजे अनेक ग्रुप एका छत्राखाली आणण्याची, सोय आहे. तिच्या सूचना-ग्रुपमध्ये नवी सूचना फक्त ॲडमिन टाकू शकतात आणि इतर सभासदांना एकमेकांचे फोन क्रमांक दिसत नाहीत, तर साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा क्रमांक प्रत्येकाला दिसतो. आमच्या महिला शाखेतील अनेक भगिनी याच कारणाने पूर्वी ग्रुपमध्ये यायला तयार नव्हत्या, आणि त्यांचे म्हणणे पूर्णपणे योग्य होते. मात्र ग्रुपांची संख्या वाढवत नेऊ नये. सूचना, कार्यकारिणी, स्वयंसेवक आणि महिला शाखा एवढे आम्हाला पुरते.

आमंत्रणाची लिंक उघड्यावर टाकू नये

एका वर्षी आम्ही वर्गणीच्या पावतीवरच ग्रुपचा क्यूआर कोड छापला. कल्पना सोयीची होती, परंतु पावती कोणाच्या हाती जाईल यावर आपला ताबा नसतो. आठवड्याभरात तीन अनोळखी क्रमांक आत आले आणि त्यांपैकी एकाने लग्नपत्रिका म्हणून एक एपीके फाइल, म्हणजे उघडल्यावर फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, टाकली. एका वहिनींनी ती उघडण्यासाठी बोट ठेवलेही होते. शेजारी बसलेल्या मुलीने फोन हातातून काढून घेतला म्हणून निभावले. लिंक रीसेट केली की जुनी लिंक तत्क्षणी निकामी होते, तशी ती आमचीही झाली, आणि छापलेल्या सगळ्या पावत्यांवरचा कोड वाया गेला. ग्रुपच्या परवानग्यांमध्ये ‘नव्या सदस्यांना ॲडमिनची मंजुरी’ हा पर्याय सुरू ठेवला असता, तर ते अनोळखी क्रमांक दारातच थांबले असते. त्याच ठिकाणी सभासद जोडण्याचा अधिकारही फक्त ॲडमिनकडे ठेवावा.

हिशेबाची फाइल

सर्वांत जास्त नुकसान येथे होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वर्गणीची यादी गूगल शीटमध्ये करून ‘लिंक असलेला कोणीही’ आणि ‘संपादक’ हे दोन पर्याय निवडणे ही सर्रास घडणारी चूक आहे. आमच्याकडे एका स्वयंसेवकाने मोठ्या देणग्या वर आणण्यासाठी केवळ रकमेचा रकाना निवडून क्रम लावला. रकमा हलल्या आणि नावे जागच्या जागी राहिली. दुसऱ्या दिवशी खजिनदारांना एका देणगीदारांचा फोन आला, “अहो, पाच हजार एक दिले होते, यादीत एकशे एक कसे?” शीटच्या आवृत्ती-इतिहासातून आदल्या दिवशीची प्रत परत आणता आली, पण मंडळाच्या विश्वासाला त्या एका दिवसात जो धक्का बसला, तो भरून यायला वेळ लागला.

1910 साली सयाजीराव महाराजांनी संस्थानात ग्रंथालयांची चळवळ सुरू केली आणि या शहराला वाचनालयाची रीत चांगलीच अंगवळणी पडली. पुस्तक कोणीही वाचावे, दाखल-नोंदवहीत मात्र ग्रंथपालानेच लिहावे. फाइलचेही तसेच ठेवावे : संपादक म्हणून खजिनदार आणि त्यांचा एक मदतनीस, कार्यकारिणीला केवळ पाहण्याचा अधिकार आणि इतरांना महिन्याच्या हिशेबाची पीडीएफ. संपादकाला इतरांशी फाइल शेअर करण्याचा अधिकारही मुळातच असतो. शेअरिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करावा लागतो. सभासदांचे पत्ते आणि फोन क्रमांक असलेला रकाना लपवून ठेवला की काम झाले, असे मानू नये. लपवलेला रकाना फाइलची प्रत काढून कोणालाही उघडता येतो, म्हणून ती माहिती वेगळ्या फाइलमध्येच असावी.

अडले तर काय तपासावे

ज्याला काढून टाकले, त्याला फाइल अजून दिसते, ही तक्रार मला सर्वांत जास्त ऐकू येते. अशा वेळी आधी लिंक सर्वांना खुली आहे का ते पाहावे, आणि नंतर फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर त्या व्यक्तीचे नाव आहे का ते पाहावे, कारण फोल्डरचा अधिकार आतल्या फाइलींना लागू होतो. एखाद्या सभासदाला ग्रुपमध्ये जोडता येत नसेल, तर बहुधा त्यांनी ‘मला ग्रुपमध्ये कोण जोडू शकते’ हे आपल्या फोनमध्ये मर्यादित केलेले असते. त्यांना खाजगी आमंत्रण जाते आणि ते तीन दिवसांत स्वीकारावे लागते.

कोणताही बदल केल्यावर तो साध्या सभासदाच्या फोनवर तपासून पाहावा. ॲडमिनला सर्व काही दिसत असल्यामुळे इतरांची अडचण त्याच्या लक्षातच येत नाही. मी यासाठी आईचा फोन वापरतो. तिला सूचना दिसली आणि हिशेबाची फाइल उघडली नाही, म्हणजे मांडणी बरोबर आहे.

नवी कार्यकारिणी निवडून आली की जुन्या व नव्या चिटणीसांनी त्याच आठवड्यात समोरासमोर बसून हा ताबा द्यावा-घ्यावा. ड्राइव्हवरील फाइलींची मालकी बदलताना नव्या मालकाने ती स्वीकारावी लागते. तोपर्यंत त्या जुन्या चिटणीसांच्याच खात्यात राहतात आणि त्यांच्या 15 जीबीमधील जागा व्यापतात. मंडळाचे स्वतंत्र गूगल खाते असेल तर ही दगदग वाचते, मात्र पासवर्ड विसरल्यावर ज्या क्रमांकावर संकेत येतो, तो क्रमांक आठवणीने बदलावा. आमच्याकडे तो एकदा तसाच राहिला होता, आणि सिम मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेलेल्या जुन्या चिटणीसांच्या फोनमध्ये होते.